आतून लागणारी कडी

गुरुजींच्या श्रद्धांजली सभेला गेलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला मळमळायला लागलं. खोटं सांगत नाही. आता माझ्या तोंडून ‘खोटं सांगत नाही’ ऐकलं की आमच्या गावात लोक पोट धरून हसतात, तो भाग वेगळा. पण मळमळ खरी होती.

शाळेच्या मैदानात फ्लेक्स लावला होता. केवढा? त्याच्या सावलीत बोरी गावाचा अख्खा आठवडी बाजार भरला असता आणि वर बैल बांधायला जागा उरली असती. त्यावर हात जोडलेले सत्तावीस चेहरे. मी मोजले. कुणी गॉगल कपाळावर चढवलेला, कुणी गळ्यात बोटाएवढी जाड साखळी घातलेला, सगळे दुःखाने व्याकूळ होऊन आधी फोटो स्टुडिओत जाऊन आलेले. आणि या गर्दीत खाली एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे आमचे गुरुजी. कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे फ्लेक्सवाल्याने फोटोवरचे डाग समजून कॉम्प्युटरवर पुसून टाकलेले! ज्या माणसाला अंघोळीनंतर गावाने कधी भस्माशिवाय पाहिलं नाही, तो मेल्यावर कोऱ्या कपाळाचा होऊन त्या सत्तावीस जणांच्या पायाशी उभा होता. मला वाटलं, वर चढावं आणि खडूने ओढावेत तीन पट्टे. पण वय झालं, पोट सुटलं, आणि शिडी नव्हती.

मी तिथे एका कामासाठी गेलो होतो. काम काकूंनी सांगितलं होतं. काकू म्हणजे गुरुजींची बायको.

गुरुजी गेले त्या दिवशी मी सेलूहून दुकान बंद करून आलो, तेव्हा त्यांना ओसरीवर बसवलेलं होतं. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे माणसाला आडवं नेत नाहीत, मांडी घालून बसवूनच मातीत ठेवतात. अंगभर भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, डोळे मिटलेले. असं वाटत होतं की आत्ता एक डोळा किलकिला करतील आणि म्हणतील, “या वकीलसाहेब.” मी त्या तळहाताकडेच बघत राहिलो. तेवढ्यात काकूंनी मला आतल्या दाराशी बोलावलं. रडून रडून आवाज बसला होता, पण बोलणं सरळ.

“दोन वर्षं अंथरुणात व्हते. रोज एकच विचारायचे. कुलूप काढलं का? मी म्हणायची, काढतील. शेवटपर्यंत कुणी काढलं न्हाई. तू बोलणारा माणूस हाईस. सभा ठेवायलेत म्हणं. तिथं बोल.”

“काकू, माझं कोण ऐकतंय?”

“मग ऐकतील असं बोल की.”

कुलूप कशाचं, तर शाळेतल्या पोरींच्या संडासाचं. आता हसू नका. सभेत हसले तेवढे पुरे झाले.

मी मूळचा थापाड्या माणूस. सेलूत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पाइप, कडी-कोयंडे, संडासाची भांडी, सगळं विकतो आणि प्रत्येक नळाबरोबर एक गोष्ट फुकट देतो. अमक्या कंपनीचा नळ एकाने विहिरीत टाकला, बारा वर्षांनी काढला तर त्यातून थंडगार पाणी आलं, अशा. लोक नळ घेतात ते गोष्टीसाठी. तर थाप या विषयात मला कळतं. थापेला वजन लागतं, रंग लागतो, वास लागतो. माणसाला ती हातात धरता आली पाहिजे. आणि त्या सभेत जे चाललं होतं ते ऐकून माझ्या धंद्याची मला लाज वाटली. इतक्या आळशी, इतक्या शिळ्या थापा मी जन्मात ऐकल्या नव्हत्या.

पहिला उठला, तो म्हणाला गुरुजी ज्ञानाचे सूर्य होते. दुसरा म्हणाला महामेरू होते. तिसरा म्हणाला गुरुजींना गणितात अशी गती होती की मोठमोठे लोक सल्ला घ्यायला यायचे. गणितात! अहो, भागाकारात तीन आकडी संख्या आली की गुरुजी खिडकीबाहेर बघायचे आणि वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीला फळ्याशी बोलवायचे. म्हणायचे, “तू कर बाई, मी चुकलो तर ही सगळी माझ्यासारखीच चुकतील.” चौथा म्हणाला, गुरुजी कधी कुणावर आवाज चढवून बोलले नाहीत. गुरुजींनी एकदा वर्गातून “गप!” म्हटलं तर पूर्णा स्टेशनात उभी गाडी हललीच नाही, गार्डाला वाटलं आपल्यालाच म्हणाले. माझी ही थाप बघा आणि त्यांची बघा.

आणि प्रत्येक जण बोलून झालं की खाली येऊन मोबाइल बघायचा, आपला फोटो नीट आला का ते. मागे समोसे आले होते, त्यांच्या वासाने माणसं भाषणाच्या मधेच उठत होती. एक जण तर ‘अश्रू अनावर’ म्हणताना दातात अडकलेलं काही तरी जिभेने काढत होता. 

या सगळ्यांत गुरुजींच्या हाताबद्दल कुणी बोललं नाही. गुरुजींच्या हाताला फिनेलचा वास यायचा. त्यांनी वहीवर बोट ठेवलं की तो वास कागदाला राहायचा. आम्ही पोरं नाक धरायचो. गावात त्यांना पाठीमागे ‘संडास गुरुजी’ म्हणायचे. फ्लेक्सवरचे सत्तावीसही म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि सगळ्यांत मोठ्याने. त्याचं कारण फक्त मला माहीत होतं. ते आता सांगतो.

मी सातवीत होतो. आमच्या शाळेत पोरी चौथीपर्यंत यायच्या आणि मग एकेक गळायच्या. गुरुजी रविवारी सायकल काढायचे आणि गळालेल्या पोरींच्या घरी जायचे. कॅरियरवर मला घ्यायचे, कारण मी बोलायचो. मला ते ‘वकीलसाहेब’ म्हणायचे. खोटं बोलतो म्हणून त्यांनी मला कधी मारलं नाही. त्यांना वाटायचं, बैल उधळतोय तर निदान नांगराला जुंपावा.

त्या रविवारी आम्ही गावाबाहेरच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी गेलो. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याची पोरगी आमच्याच शाळेतली. भागाकारवाली तीच. तिचा बाप कापसाच्या ढिगावर बसला होता, उठला नाही.

“गुरुजी, तुमी चांगले माणूस हाव. पण पोरीनं दिवसभर जायचं कुठं? आडोसा हाय का तुमच्या शाळंत? व्हती तवर लहान व्हती. आता न्हाई जमत.”

गुरुजी गप्प. कारण आडोसा होता आणि नव्हता. शाळेमागे एक संडास बांधलेला होता, पण त्यात मोडकी बाकं भरलेली, भांडं तुंबलेलं, दार एका बिजागरीवर लोंबतंय, आणि शेळ्या आत बसायच्या. मी मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हतो.

“हाय की, काका!” मी म्हणालो. “नवा हाय. पांढरी फरशी हाय, तोंड दिसतंय त्यात. आतून कडी लागती. आन गुरुजी सोता रोज सकाळी धुतेत, शाळा भरायच्या आधी. आख्ख्या जिल्ह्यात असा न्हाई.”

बाप गुरुजींकडे वळला. “खरं का हो?”

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. माझ्याकडे बघितलं. ते बघणं इतकं लांबलं की तेवढ्यात कापसाचा सुताचा धागा होऊन त्याचं कापड विणून झालं असतं. मग ते म्हणाले, “उद्यापासून केव्हाही बघायला या.”

येताना मी गाल तयार ठेवला होता. एका ओढ्यापाशी त्यांनी सायकल थांबवली आणि मागे वळून विचारलं, “वकीलसाहेब, फरशी कोणत्या रंगाची म्हणालात?”

“पांढरी.”

“मग लय घासावी लागंल.”

बस. एवढंच.

घरी गेलेच नाहीत. तसेच शाळेत. बाकं काढली. शेळ्यांच्या लेंड्या फावड्याने ओढल्या. भांड्यात एक घूस मरून फुगलेली, तिला शेपूट धरून काढलं तर शेपूटच हातात आलं. त्या वासाचं वर्णन मी करू शकतो, मला येतं, पण तुम्ही जेवणार आहात. गुरुजींनी धोतर खोचलं, गळ्यातलं लिंग बनियनच्या आत सरकवलं आणि कोपरापर्यंत हात घातला. मी दारातच भडाभडा ओकलो.

“ओक,” गुरुजी म्हणाले, “पण बाहेर ओक. इथं आत्ताच धुतलंय.”

तिन्हीसांजेपर्यंत फरशी दिसायला लागली. पांढरी नव्हती, पण एके काळी असावी असा संशय घेता येत होता. कडी मात्र नव्हती. गुरुजींनी स्वतःच्या घरच्या न्हाणीची कडी उपसून आणली आणि बसवली. पुढे कितीतरी दिवस काकू न्हाणीच्या दाराला आतून घागर लावायच्या.

ती पोरगी दुसऱ्या दिवशी आली. तिचा बाप पण आला, बघायला. गुरुजी आत ब्रश घेऊन वाकलेले. बापाने टोपी नीट केली आणि तो गेला. तिच्यामागे आणखी तिघी आल्या. आणि गुरुजी अडकले. कारण मी ‘रोज’ म्हणालो होतो.

रोज म्हणजे रोज. पहाटे उठायचे, पण अंघोळ करायचे नाहीत. आधी शाळा, मग अंघोळ. काकू दाराशी वेगळी बादली ठेवायच्या, तिला घरात दुसरं कुणी शिवायचं नाही. ते परत आले की चुलीवरचं कढत पाणी. मग भस्म, मग डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि पूजेनंतर त्याच हातांनी आपल्या दोन्ही पोरींच्या वेण्या. वेण्या घालायचा त्यांना भारी शौक आणि अक्कल शून्य. एक वेणी कानावर, एक मानेवर. गुरुजींच्या पोरी अर्ध्या कोसावरून ओळखू यायच्या. काकूंनी सोडून परत घालायला हात लावला की पोरी ओरडायच्या, “राहू दे, बाबानं घातल्यात!” आणि तशाच वाकड्या वेण्यांनी शाळेत. जेवताना पहिला घास पोरींना, दुसरा काकूंना, मग स्वतः. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कारण तिसरा घास पुष्कळदा मी खाल्लाय.

एकदा पूर्ण्याहून त्यांचे थोरले चुलतभाऊ आले. रेल्वेत होते, पितळी बटणांचा रुबाब. ओसरीवर बसूनच चढले.

“गळ्यात लिंग आन हातात संडासाचा ब्रश! ज्या तळहातावर देव घेतोस त्याच हातानं घाण काढायलास? सोयरे तुझ्या घरी पाणी प्यायचे बंद होतील.”

“दादा, साबण हाय घरात,” गुरुजी म्हणाले. “आन देव गळ्यात हाय म्हणूनच घाणीचं भ्या वाटत न्हाई. तो नसता तर मीही तुमच्यासारखा लांब बसलो असतो.”

दादा पाणी न पिता गेले. मग आणखी दोन घरं तुटली. काकूंनी एकदाही तक्रार केली नाही, फक्त बादली बदलली, जुनी गळायला लागली होती म्हणून.

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. पोरं ‘संडास गुरुजी’ म्हणून दात काढायची तेव्हा मी सगळ्यात पुढे, म्हणजे कुणाला संशय नको. पुढे दुकान टाकलं तर दर जूनमध्ये गुरुजी सेलूला यायचे. रिटायर झाल्यावरही यायचे, कारण धुणं काही रिटायर झालं नव्हतं. “वकीलसाहेब, एक कडी द्या. आतून लागणारी. पोरी ओढून ओढून मोडतात.” कडी, फिनेलची बाटली, ब्रश. मी बांधून द्यायचो आणि पैसे घ्यायचो. घ्यायचो हो, काय करता? आता त्याची मला जितकी किळस येते तितकी त्या घुशीचीही आली नव्हती.

मग ते अंथरुणाला खिळले. महिनाभरात संडास तुंबला, शाळेने बाहेरून कुलूप ठोकलं, किल्ली हरवली, आणि पोरी पुन्हा वेड्या बाभळीच्या मागे जायला लागल्या. मोठ्या पोरींच्या गैरहजेऱ्या परत सुरू. हे गावाला दिसत नव्हतं असं नाही. फ्लेक्स लावायला खड्डे खणले ते त्या बंद दारापासून दहा पावलांवर.

आणि सभेत काय जाहीर झालं? कमान! आमच्याच वर्गात शिकलेला एक जण आता पुढारी आहे, सगळे त्याला साहेब म्हणतात. तो दोन तास उशिरा आला, खुर्चीत बसला आणि त्याच्या माणसाने माइकवर सांगितलं, शाळेच्या फाटकावर गुरुजींच्या नावाची भव्य कमान. टाळ्या. पहिल्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेल्या काकू माझ्याकडे बघत होत्या. टाळी वाजवली नाही ती त्यांनी आणि मी.

मग सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं. “आता वातावरण जरा हलकं करायला...” म्हणाला. मी उठलो, माइक धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खरं बोललो. आखाडा सांगितला. फरशी सांगितली, घूस सांगितली. मीच थाप मारली आणि गुरुजींनी ती रोज सकाळी वाकून खरी केली, हे सांगितलं. 

लोक हसले. घुशीला हसले, शेपटाला तर लोळले. मागून कुणी तरी ओरडलं, “आता म्हण, घूस रेड्याएवढी व्हती!” पुन्हा हशा. दुसरा म्हणाला, “कडी सोन्याची व्हती का रं?” मी म्हणालो, खरं सांगायलो बाबांनो, तर त्यालाच सगळ्यात मोठा हशा पडला. इतक्या वर्षांच्या थापांनी गावाचे कान असे घडवून ठेवले होते की माझं खरं त्यांत शिरायला जागाच नव्हती. त्या क्षणी मला त्यांची शिसारी आली, आणि मग कळलं की हे कान माझ्याच हातचं काम आहे.

साहेब खुर्चीतून उठले, माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “मयताच्या सभेत संडास कशाला काढायलास? आटप.”

ते कानाशी आलेले अख्ख्या मैदानाने पाहिलं. ऐकलं कुणीच नाही. आणि मला काकूंचं वाक्य आठवलं. ऐकतील असं बोल.

मी माइक तोंडाजवळ घेतला. “मंडळी, साहेबांनी आत्ता माझ्या कानात काय सांगितलं? साहेब म्हणाले, कमान मागून बघू. उद्या सकाळी आठ वाजता मी सोता येतो, कुलूप सोता तोडतो, आन आपल्या गुरुजींसारखा सोता वाकून तो संडास धुतो. मोठा गाजावाजा नको म्हणाले. पण मी म्हणतो, फोटोवाल्यांनी यावंच!”

मैदान उसळलं. टाळ्या, शिट्ट्या, साहेबांच्या नावाचा जयजयकार. माझ्यावर एकानेही शंका घेतली नाही! साहेबांचा चेहरा असा झाला की जणू घुशीचं शेपूट त्यांच्याच हातात आलंय. पण टाळ्यांपुढे काय करणार, हात जोडले.

सकाळी आले ते. दोन गाड्या, रबरी हातमोजे, तोंडाला फडकं, तीन फोटोवाले. हातोडा माझ्या दुकानातला. कुलूप तिसऱ्या घावात पडलं. दार उघडलं, आणि दोन वर्षांचा कोंडलेला वास असा बाहेर आला की एक फोटोवाला मागे जिंतूरपर्यंत सरकला असावा, कारण तो पुन्हा दिसला नाही. साहेबांनी ब्रश धरला, भिंतीकडे तोंड केलं, दोन फोटो निघाले. ब्रश कोरडाच होता. चार मिनिटांत गाड्या गेल्या. सत्तावीसपैकी एकही नाही. रबरी हातमोजे तेवढे उंबऱ्यात पडले होते.

मी मात्र होतो. आणि काकू होत्या. भिंतीच्या सावलीत बसलेल्या, शेजारी ती दाराशी ठेवायची बादली. मी हातमोजे घातले आणि आत गेलो. तीन वेळा ओकलो. धावत बाहेर येऊन.

काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “हे म्हणायचे, वकील ओकतो पण बाहेर ओकतो.”

मी तोंड पुसता पुसता थांबलो. “काकू, तुमाला माहीत व्हतं?”

“त्याच दिवशी सांगितलं की. घरी आले, कडी काढायला लागले. मी म्हणलं, काय झालंय काय? तर म्हणले, पोरानं आज मला कामाला लावलं.”

“रागावले व्हते का?”

“न्हाई बाबा. चहा दोनदा मागितला.”

मी पुन्हा आत गेलो, कारण बाहेर उभं राहवेना. भांडं मोकळं करायला तास गेला. फरशीवरची काळी पुटं विटेच्या तुकड्याने खरवडली. मग खिशातून कडी काढली. दुकानातली सगळ्यात चांगली, जाड, आतून लागणारी. चार स्क्रू बसवले. प्रार्थना संपली होती. सातवीतली असावी अशी एक मुलगी दप्तर न ठेवताच कोपऱ्यावर उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने जवळ आली.

“काका, सरका.”

मी सरकलो. ती आत गेली. खट्ट करून कडी लागली.

तो आवाज ऐकला आणि काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बादली उचलली, माझ्यासमोर ठेवली.

“उद्या किती वाजता येतोस?”

“साडेसातला,” मी म्हणालो.

कमानही उभी राहिली, बरं का. तिच्यावरचे गुरुजी अजून कोऱ्या कपाळाचे आहेत आणि तिच्याखालून जाताना मला दर वेळी मळमळतं. पण शाळा भरायच्या आधी येऊन बघा केव्हाही. सेलूहून पहिली बस पकडून मी तिथेच असतो. ही थाप वाटत असेल तर वाटू द्या. फरशी पांढरी आहे आणि लय घासावी लागते.